ठिपक्यांआडचा पासवर्ड झाकलेला असतो, सुरक्षित नाही

‘कॉम्प्युटरला लॉगिन पासवर्ड आहे, ब्राउझरमधले पासवर्ड ठिपक्यांआड दिसतात, मग काळजी कसली?’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

ठिपके फक्त शेजारी बसलेल्याच्या नजरेसाठी. भरलेल्या चौकटीवर राइट-क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडा, दिसणाऱ्या कोडमध्ये टाइपपुढचं ‘पासवर्ड’ खोडून ‘टेक्स्ट’ लिहा. अक्षरं लख्ख समोर!

फायरफॉक्स पासवर्ड प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये ठेवतो, आणि ते उघडायची किल्लीही तिथेच, शेजारच्या फाइलीत. दोन्ही फाइली उचलून दुसऱ्या मशीनवर नेल्या की सगळं उघडं. हे थांबवतो तो प्रायमरी पासवर्ड, म्हणजे त्या किल्लीवरचा आणखी एक पासवर्ड. पण तो आपणहून लावावा लागतो. कृपया आजच लावा.

विंडोजवर क्रोमची किल्ली तुमच्या लॉगिनशी बांधलेली असे. म्हणजे तुम्ही लॉगिन केलेलं असताना तुमच्याच नावाने चालणारा चोरटा प्रोग्रामही ती वापरू शके. २०२४ मध्ये, क्रोम १२७ पासून, ती खुद्द क्रोम ॲपशीही बांधायला सुरुवात झाली, आधी कुकीजपासून (साइटवरचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी). चोरी अवघड झाली, बंद नाही.

डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे अख्ख्या डिस्कला कुलूप, जरूर ठेवा. मात्र ते बंद लॅपटॉप चोरीला गेल्यावर वाचवतं, चालू मशीनवरच्या मालवेअरपासून नाही.