ऐकू येत नाही, मग डॉक्टर कसं होणार?
‘कानाने कमी ऐकणाऱ्याला छाती तपासता येणार नाही, त्याने डॉक्टरकीचा नाद सोडावा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. अमेरिकेतल्या बालहृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर हेलन टॉसिग यांची श्रवणशक्ती तरुणपणीच बरीच गेली होती. ओठांच्या हालचालींवरून त्या बोलणं समजून घेत आणि बाळांच्या छातीवर बोटं ठेवून हृदयाचे ठोके ओळखत. अंग निळं पडणाऱ्या बाळांवर १९४४ मध्ये झालेली गाजलेली हृदयशस्त्रक्रिया याच बाईंच्या कल्पनेतून आली! आता तर आवाज वाढवणारे, ठोक्यांचा आलेख पडद्यावर दाखवणारे स्टेथोस्कोप मिळतात. सगळ्याच शाखा जमतील असं नाही. त्या धडधाकटांनाही जमत नाहीत. रोजचा त्रास मात्र मास्कचा असतो, कारण सहकाऱ्यांचे ओठच झाकले जातात. त्यासाठी पारदर्शक मास्क निघाले आहेत.