गुराब, गलबत आणि उथळ पाणी : मराठा आरमाराने जहाजे कशी निवडली

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राशी झुंजणारे. तेव्हापासून या किल्ल्यांच्या तटांवर आणि बुरुजांवर पुष्कळ लिहिले गेले. ज्या जहाजांच्या आधारासाठी ते उभारले, ती लाकडाची होती. जळाली, कुजली, मोडीत निघाली. म्हणून इथे किल्ले थोडे बाजूला ठेवून जहाजांकडे पाहू. तिजोरी लहान, शत्रू चार आणि सगळे आपल्याहून मुरलेले दर्यावर्दी, अशा राज्याने कोणती जहाजे बांधावीत आणि किती, हा प्रश्न सतराव्या शतकात कोकणात उभा राहिला. त्याचे उत्तर आधी पाण्यावर घडले, मग कागदावर उतरले.

१६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती आली आणि स्वराज्य खाडीला टेकले. पुढे जंजिऱ्याचा सिद्दी, गोवा-वसई-चौलचे पोर्तुगीज, सुरतेचे मोगल आणि लवकरच मुंबईचे इंग्रज. पोर्तुगिजांचा परवाना घेतल्याशिवाय व्यापारी तारू हाकारायची सोय नव्हती. महाराजांनी १६५९ च्या सुमारास कल्याणला जहाजबांधणी काढली ती रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज कारागिराला हाताशी धरून. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याला फितवले आणि तो माणसांसकट निघून गेला. काम मात्र थांबले नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये मालवणहून कर्नाटक किनाऱ्यावरच्या बसरूरवर स्वारी निघाली तेव्हा इंग्रजांनी आपल्या पत्रांत आकडा टिपला : ८५ लहान लढाऊ नौका आणि ३ मोठी जहाजे. हे प्रमाण लक्षात ठेवावे. त्यात पैशाची अडचण दिसते, पण त्याहून जास्त किनाऱ्याची जाण दिसते.

कोकणचा किनारा खाड्यांचा. बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूची आडवी पट्टी, आत ओहोटीला चिखल. वाऱ्याचेही वेळापत्रक ठरलेले : रात्री-पहाटे जमिनीकडून मतलई, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा, आणि दोहोंच्या मधे कधी कधी वारा असा पडतो, की शीड ओल्या धोतरासारखे लोंबते. अशा वेळी शिडावर विसंबलेले मोठे जहाज जागच्या जागी हलत बसते. वल्ह्यांची नौका तेव्हाच निघते. कोळी, भंडारी, गाबीत यांना हे शिकवावे लागत नव्हते, आणि आरमाराची वल्ही त्यांच्याच हातात होती.

१६७९ साली खांदेरीला याची कसोटी लागली. थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की हे बेट आजही सहज नजरेत येते. मुंबईच्या बंदराचे तोंडच ते. पावसाळा सरत असताना महाराजांचा आरमारी अधिकारी मायनाक भंडारी माणसे आणि तोफा घेऊन तिथे उतरला आणि तट बांधू लागला. इंग्रजांनी बेटाला वेढा दिला. सप्टेंबरात उतरायचा प्रयत्न करणारा त्यांचा अधिकारी थॉर्प मारला गेला. पण त्यांचा खरा वैताग रोजचाच होता. रात्री नागावच्या खाडीतून मराठ्यांच्या होड्या रसद घेऊन निघत, इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना वळसा घालून बेटाला लागत आणि पाठलाग झालाच, तर उथळ पाण्यात शिरत. तिथे मागून जायची कुणाची छाती नव्हती, कारण जहाजाचा तळच टेकला असता. १८ ऑक्टोबरला मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान याचे आरमार वल्ह्यांच्या जोरावर एकाएकी चालून आले. इंग्रजांचे ‘डोव्हर’ हे गुराब जातीचे जहाज मराठ्यांनी पकडले, बाकीच्या लहान नौका पांगल्या, आणि ‘रिव्हेंज’ या एकाच मोठ्या जहाजाने तोफांच्या बळावर तग धरला. मोठ्या जहाजाची ताकद आणि मर्यादा दोन्ही एकाच दिवशी दिसल्या. तोफांपुढे मराठ्यांना मागे सरावे लागले, पण रसद तुटली नाही आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

या आरमाराची दोन मुख्य जहाजे नीट पाहण्यासारखी आहेत. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे जहाज. दोन काठ्यांचे साधारण दीडशे टनांचे, तीन काठ्यांचे तीनशेपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात फार न बुडणारे. नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, लांब निघालेली, आणि तिच्यावरून सरळ समोर मारा करणाऱ्या दोन तोफा, नऊ ते बारा पौंडी गोळ्याच्या. गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टनांचे, एक मोठे त्रिकोणी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. वजन वाचावे म्हणून कित्येक गलबतांचा वरचा तक्ता चिरलेल्या बांबूंचा असे. वल्ह्यांवर ते तासाला चार मैल जाई.

यांतले कोणतेही एक एकटे पुरेसे नव्हते. वारा पडला की गलबते दोर लावून गुराबांना ओढत नेत. शत्रूच्या बाजूच्या तोफांसमोर न जाता ती मागच्या अंगाने येत. गुराब डोलकाठ्या आणि दोरखंड तोडी. जहाज पांगळे झाले की माणसांनी भरलेली गलबते चोहोबाजूंनी भिडत आणि तलवारी घेऊन माणसे वर चढत. १६८०-९० पर्यंत आकाराला आलेली ही रीत पुढे मराठा आरमार सांभाळणाऱ्या आंग्रे घराण्याने पूर्णत्वाला नेली. १७३५ मध्ये ‘डर्बी’ हे इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे मोठे जहाज संभाजी आंग्र्याने मिळवले.

सुमारे १७१५ सालच्या आज्ञापत्र या राज्यकारभारावरच्या ग्रंथात रामचंद्रपंत अमात्यांनी हे सारे धोरण म्हणून मांडले आहे. गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत. वाऱ्याविना निरुपयोगी ठरणारी अवजड जहाजे बांधूच नयेत. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा, म्हणजे आरमाराची एक तुकडी. एकाला तीन, हे प्रमाण मला त्या ग्रंथातले सर्वांत मोलाचे वाक्य वाटते, कारण त्यात गुराब ओढायचे कुणी याचाही हिशेब आहे. लाकडाचाही विचार तिथेच आहे : साग परवानगीने तोडावा, पण आंबा-फणसाला रयतेच्या मर्जीशिवाय हात लावू नये, कारण ती झाडे तिने लेकरांसारखी वाढवलेली असतात. जहाजांची संख्या शेवटी जंगलावर आणि रयतेच्या मनावर अवलंबून असते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा आरमारी कागद मी दुसरा वाचलेला नाही.

या निवडीची किंमतही होती, ती लपवण्यात अर्थ नाही. जंजिरा अखेरपर्यंत पडला नाही. भर वाऱ्यात खोल समुद्रावर एकमेकांना राखत जाणाऱ्या मोठ्या जहाजांशी गलबतांची डाळ शिजत नसे. पावसाळ्यात सारे आरमार किनाऱ्याला छावणी करून असे. पण घराच्या अंगणात ते भारी होते. १७२० मध्ये विजयदुर्गापुढे इंग्रजांनी ‘फ्राम’ नावाची सपाट बुडाची तरंगती तोफबारी आणली. उथळ पाण्याची गरज त्यांनाही कळली होती. ती कामी आली नाही. पुढच्याच वर्षी इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले, सोबत ब्रिटिश राजाच्या आरमाराची चार जहाजेही होती. कान्होजी आंग्रे तरीही हटले नाहीत.

१७२९ मध्ये कान्होजी गेले आणि मुलांत भांडणे लागून आरमार दुभंगले. तुळाजी आंग्रे धाडसी होता. १७५४ च्या सुरुवातीला त्याने तीन डच जहाजांना गाठून दोन जाळली, एक पकडले. त्यानंतर विजयदुर्गाला दोन मोठी जहाजे बांधणीला लागली, त्यांतले एक ४० तोफांचे. आज्ञापत्राने नको म्हटलेला रस्ता तो हाच. पण केवळ जहाजांवर खापर फोडणे मला पटत नाही. त्याचे पेशव्यांशी वैर होते आणि नानासाहेबांनी त्याच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. किल्ला, खाडी आणि मागचा मुलूख एका हातात असेल तरच ही जहाजे चालत; मागचा मुलूखच उलटला, तर सुरक्षित खाडीचा सापळा होतो.

तसेच झाले. विजयदुर्गाची वाघोटन खाडी मुखाशी खोल आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज नौसेनापती वॉटसनची साठ-सत्तर तोफांची जहाजे सरळ आत आली. जमिनीवरून पेशव्यांची फौज होती. आंग्र्यांची गुराबे बंदरात एकमेकांना लागून उभी होती. एक गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला; तुळाजीने पूर्वी इंग्रजांकडूनच घेतलेले ते जहाज. आग शेजारच्या गुराबावर गेली, तिथून पुढच्या, आणि तासाभरात सारे आरमार पेटले. बांधणीवरची अपुरी जहाजेही राखेत गेली.

विजयदुर्ग पुढे पेशव्यांकडे आला आणि आरमार आनंदराव धुळपांकडे. ८ एप्रिल १७८३ रोजी रत्नागिरीजवळ त्यांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ हे जहाज गाठले. त्या दिवशी धुळपांच्या ताफ्यात चाळीस तोफांचे एकही जहाज नव्हते. गुराबे होती, गलबते होती, आणि ‘रेंजर’ पकडून विजयदुर्गाला आणले गेले.