वायंगणाचे पाणी आणि फेब्रुवारीतले पक्षी

फेब्रुवारी लागला की गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावर कॅमेऱ्यांची गर्दी वाढते. डिसेंबरात तळे भरलेले असते आणि बदके मध्यावर, काठापासून लांब बसतात. पुढे वायंगणासाठी, म्हणजे हिवाळी भातपिकासाठी, पाणी शेतांना सोडतात, पातळी उतरते, काठचा चिखल उघडा पडतो. मग पाणटिवळे, तुतारी, चिखल्या, शराटी पायी फिरत जवळ येतात. तलवार बदक, थापट्या, भुवई बदक यांचा परतीचा प्रवास अजून सुरू व्हायचा असतो. चिखलातले पक्षी आणि बदके यांची गाठ पडते ती याच थोड्या आठवड्यांत, आणि ती घालून देतो मानस, म्हणजे तळ्याचे पाणी सोडायचे दार, उघडणारा शेतकरी. गोव्यातल्या पक्षीनिरीक्षणाचा इतिहास सांगताना नेमके हेच मागे राहते.

ही तळी गावकऱ्यांनी बांधली, पोर्तुगीज काळात ती कोमुनिदादींकडे, म्हणजे सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावसंस्थांकडे, राहिली. बदकांची तेव्हा शिकार होत असे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदुकीला आळा बसला. त्याच दशकात सलीम अली यांनी एका सहकाऱ्यासह गोव्यातल्या पक्ष्यांची नोंद प्रसिद्ध केली. 1987 मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी मांडवीतल्या चोडण बेटाच्या पश्चिम टोकावर त्यांच्या नावाचे अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र 1.78 चौरस किलोमीटर आणि बहुतेक सगळी खारफुटी. बगळे, खंड्या यांना ते उत्तमच, पण बदकांचे मोठे थवे गोड्या पाण्याच्या तळ्यांवर आणि शेतांवर उतरतात. म्हणजे अभयारण्य एकीकडे आणि हिवाळी बदके दुसरीकडे, अशी विभागणी पहिल्यापासूनच झाली.

1990 च्या दशकात दोन गोष्टी घडल्या. चार्टर विमानांनी येणारे ब्रिटिश निरीक्षक बागा-कळंगुटच्या शेतांत दुर्बिणी घेऊन दिसू लागले. दुसरी गोष्ट कोकण रेल्वेची. खाजने (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन) आणि तळी वाचवण्यासाठी मार्ग आत वळवा, ही मागणी जोरात होती. 1992 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठरलेल्या मार्गाविरुद्धची याचिका फेटाळली. रुळ आले आणि करमळीचे स्टेशन तळ्याला लागूनच उभे राहिले. आज मुंबईहून येणारा छायाचित्रकार तिथेच उतरतो.

खरा वाद मात्र नियमांचा आहे आणि त्याची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही. केंद्राच्या 2010 च्या पाणथळ नियमांत भातशेती वगळलेली होतीच. 2017 च्या नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले जलाशयही वगळले. यामागे तर्क होता. प्रत्येक बंधाऱ्यावर आणि कालव्यावर परवानगीची अट आली तर शेतीच अडेल. गोव्यातल्या शेतकऱ्यांनाही तीच धास्ती वाटते: गाळ काढणे, बांध दुरुस्त करणे उद्या कुणाला विचारून करायचे? ही भीती खोटी नाही. पण गोव्यात हा तर्क उलटा लागू होतो. इथली बहुतेक गोडी तळी माणसाने बांधलेली आहेत आणि त्यांचे पाणी भाताला जाते. ती शेतीची आहेत म्हणूनच पक्ष्यांची झाली. नियम मात्र शेतीचे आहे म्हणून हात काढून घेतो. दुसरीकडे, अधिसूचित पाणथळीत गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरपर्यंत पक्के बांधकाम करता येत नाही. शहराकडे सरकत चाललेल्या गावांतल्या तळ्यांना याच संरक्षणाची गरज आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सव्वादोन हेक्टरांपेक्षा मोठ्या, उपग्रहाने नोंदलेल्या 2,01,503 पाणथळींना 2010 च्या नियमांतल्या तत्त्वांचे संरक्षण दिले, त्यामुळे दार पूर्ण बंद झाले नाही. तरी कुठले तळे सिंचनासाठीच बांधले गेले, हे शेकडो वर्षांनंतर ठरवणार कोण, हा प्रश्न उरतोच.

पाणथळींच्या संरक्षणासाठीच्या 1971 च्या रामसर या आंतरराष्ट्रीय करारात असा भेद नाही. कृत्रिम पाणथळही त्याच्या व्याख्येत बसते. कुडचड्याचे 42 हेक्टरांचे नंदा तळे 2022 मध्ये त्या यादीत गेले, गोव्यातले ते पहिले. तिथले साठवलेले पाणी मानशीखालच्या भातशेतीला जाते आणि अडई, कांस्यपंखी कमळपक्षी, काळ्या डोक्याचा शराटी तिथे राहतात. शेतीचा वापर तिथे अडचण ठरला नाही.

डिजिटल काळात तळ्यांवरच्या कॅमेऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. छत्तीस फोटोंच्या रोलच्या काळात माणूस बसून पाहायचा आणि क्वचित टिपायचा. आता क्षणाला दहा-वीस चित्रे निघतात आणि थवा उडताना मिळावा म्हणून काठावरून पुढे सरकणारेही दिसतात. उत्तरेच्या प्रवासाआधी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला हे पुन्हा पुन्हा उडणे महागात पडते. दर जानेवारीत, 1987 पासून, होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेचे स्वयंसेवक मात्र लांबून, टेलिस्कोपने मोजतात.

आताची चिंता वेगळीच. मजूर मिळत नाहीत, शेती परवडत नाही, म्हणून वायंगण पड ठेवणाऱ्या गावांची संख्या वाढते आहे. शेत पड राहिले की मानस वेळेवर उघडायचे कारण उरत नाही. पाणी साचून राहते, तण आणि पाणवनस्पती पृष्ठभाग झाकतात, आणि चिखल उघडा पडतो तो उन्हाने, एप्रिलच्या सुमारास. पाणटिवळे तोवर निघालेले असतात.