दिवेलागण ते पास्काची मेणबत्ती : ख्रिस्ती श्रद्धेतील प्रकाशाची पार्श्वभूमी

बायबलमध्ये देवाच्या तोंडचे पहिले शब्द प्रकाशासाठी आहेत, आणि तो प्रकाश सूर्याच्या आधीचा आहे. कारण उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात सूर्य, चंद्र आणि तारे चौथ्या दिवशी निर्माण होतात. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातील नगरीलाही सूर्यचंद्राची गरज उरलेली नाही. आरंभी आणि अंती प्रकाश थेट देवाकडूनच येतो. मधल्या काळात माणसाच्या हाती असतो तो दिवा, आणि ख्रिस्ती श्रद्धेतील प्रकाशाचा इतिहास हा बराचसा या दिव्याचाच इतिहास आहे.

तो दिवा तळहातावर मावेल एवढा, मातीचा आणि ऑलिव्हच्या तेलाचा असे. त्याचा उजेड पुढच्या पावलापुरता पडे. देवाचे वचन पावलांसाठी दिवा आहे, असे 119 वे स्तोत्र म्हणते तेव्हा सगळी वाट एकदम दिसेल असे आश्वासन त्यात नाही, हे आपण सहसा विसरतो. मत्तयाने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, पाचव्या अध्यायात दिवा मापाखाली झाकून न ठेवता दिवठणीवर ठेवण्याचा जो दाखला आहे, तोही अशाच घरातला, जिथे एक दिवा घरातील सर्वांना पुरत असे.

‘मी जगाचा प्रकाश आहे’ हे येशूचे वचन योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात येते. सातव्या अध्यायापासूनचा प्रसंग यरुशलेममधील मंडपांच्या सणाचा आहे, आणि ही पार्श्वभूमी कळली की वचनाचा अर्थ खोल होतो. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात या सणाचे वर्णन आहे. मंदिराच्या स्त्रियांच्या अंगणात सोन्याचे उंच दीप लावत. याजकांची जुनी झालेली वस्त्रे आणि कमरपट्टे फाडून त्यांच्या वाती वळत. आणि त्या उजेडाने उजळले नाही असे एकही अंगण यरुशलेममध्ये उरत नसे. अशा रोषणाईची आठवण ज्यांच्या मनात ताजी होती, त्यांच्यासमोर हे वचन उच्चारले गेले.

तरीही पहिल्या काही शतकांत ख्रिस्ती विचारवंत पूजेतील दिव्यांबद्दल साशंक होते. ज्याने सूर्य दिला त्या देवाला दिव्याची काय गरज, असा प्रश्न लॅक्टांटियसने चौथ्या शतकाच्या आरंभी विचारला. त्याच शतकाच्या ओघात चित्र पालटले, आणि जेरोम या धर्मपंडिताने 406 मध्ये नोंदवले की पूर्वेकडील चर्चमध्ये शुभवर्तमान वाचताना भर उन्हातही दिवे लावतात, ते अंधार घालवण्यासाठी नव्हे, तर आनंदाची खूण म्हणून. त्याआधी 380 च्या दशकात यरुशलेमला गेलेल्या एजेरिया या यात्रेकरू स्त्रीने तिथल्या सायंप्रार्थनेचे जे ग्रीक नाव लिहून ठेवले आहे, त्याचा अर्थ तंतोतंत आपली ‘दिवेलागण’ असा आहे. ती सांगते की त्या वेळी ज्योत बाहेरून आणत नसत. ख्रिस्ताच्या कबरीच्या गुहेत रात्रंदिवस तेवणाऱ्या दिव्यावरून ती घेत असत.

ज्योतीवरून ज्योत लावण्याचा हा विचार त्याहून जुना आहे. दुसऱ्या शतकातील जस्टिन या हुतात्म्याने पिता आणि पुत्र यांचे नाते सांगताना हाच दृष्टांत दिला: एका अग्नीवरून दुसरा पेटवला तरी पहिला कमी होत नाही. बाप्तिस्म्यालाही त्याने ‘प्रकाश मिळणे’ असेच म्हटले. पुढे 325 मध्ये निकियाच्या धर्मपरिषदेने आपल्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धा जाहीर करणाऱ्या पाठात, ‘प्रकाशापासून प्रकाश’ हे शब्द घातले आणि ते आजही म्हटले जातात.

कॅथलिक उपासनेत या साऱ्याचा मेळ ईस्टरच्या आदल्या रात्री दिसतो. मध्ययुगात हा जागरणविधी हळूहळू शनिवारच्या सकाळवर सरकला होता, त्यामुळे ‘हीच ती रात्र’ हे स्तुतिगीत लख्ख उन्हात गायले जाई. पोप बारावे पायस यांनी 1951 मध्ये तो पुन्हा रात्री साजरा करण्यास परवानगी दिली. माझ्या मते विसाव्या शतकातील उपासनासुधारणांपैकी सामान्य भाविकाला सर्वांत जवळून जाणवलेली ही सुधारणा आहे. वसईच्या गावांतही चर्चमधील दिवे त्या रात्री मालवतात आणि बाहेर नवा अग्नी पेटवतात. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मेणबत्तीवर क्रूस, आल्फा व ओमेगा ही ग्रीक वर्णमालेतील पहिली व शेवटची अक्षरे आणि चालू वर्षाचे चार अंक कोरलेले असतात आणि तिच्यात धूपाचे पाच खडे ख्रिस्ताच्या पाच घावांच्या खुणा म्हणून खोचतात. मग तिच्यावरून एकेकाच्या हातातली मेणबत्ती लागत जाते, आणि वितळलेले मेण बोटांवर पडू नये म्हणून गुंडाळलेल्या कागदाआड चेहरे उजळत जातात.

पास्काकाळ संपल्यावर ती मोठी मेणबत्ती बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ नेऊन ठेवतात. वर्षभरात ज्या बाळाचा बाप्तिस्मा होईल त्याची छोटी मेणबत्ती तिच्यावरूनच लावली जाते, आणि गावात कोणी वारले की अंत्यविधीच्या वेळी तीच मेणबत्ती शवपेटीजवळ तेवत असते.