फोटो नाही, आकडा पाठवतात

परवा रात्री साडेदहाला आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, लहान मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराचा, आणि खाली लिहिलेलं, "हा नराधम पकडला जाईपर्यंत सगळ्या ग्रुपवर पाठवा". मी उघडला नाही, खालची ओळ वाचूनच पोटात ढवळलं. डिलीट करा म्हटलं तर एक काकू म्हणाल्या, "अरे पण पाठवला नाही तर तो सापडणार कसा?" काकूंचा जीव खरंच तुटत होता, म्हणून त्या वेळी जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितोय.

कायद्याचं आधी पटकन. असं काही पाठवणं हा आयटी अ‍ॅक्टच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड, आणि असा प्रकार कळला तर पोलिसांना कळवणं पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, बंधनकारक आहे. अफवेचे फॉरवर्ड तर आणखी वाईट, १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आली म्हणून जमावाने ५ भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, त्यांनी कुणाचंही मूल पळवलेलं नव्हतं.

आता काकूंचा प्रश्न. सापडतो कसा? त्यासाठी आधी असा व्हिडिओ कोण अपलोड करतंय ते कॉम्प्युटरला ओळखता यायला हवं. व्हिडिओ म्हणजे फोटोंची माळ, म्हणून आपण एकच फोटो घेऊ, समजा ठाण्याच्या तलावपाळीचा. कॉम्प्युटरला तो आकड्यांचा तक्ता दिसतो, प्रत्येक ठिपका किती उजळ, ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. ह्या तक्त्यावरून एक छोटा आकडा काढायचा, त्याला हॅश म्हणतात. नेहमीचा हॅश, म्हणजे एसएचए-२५६ वगैरे, इतका हळवा असतो की एक ठिपका बदलला तरी अख्खा आकडा बदलतो, आणि फोटो कुणी जरा लहान केला, थोडा उजळ केला की तो निसटलाच.

म्हणून परसेप्च्युअल हॅश वापरतात, आणि हा प्रकार मला फार आवडतो. त्यातला सगळ्यात सोपा म्हणजे डीहॅश, तो वहीत पेनानेसुद्धा करता येतो. फोटोचा रंग काढून टाकायचा आणि तो इतका लहान करायचा की आडवे ९ आणि उभे ८ चौकोन उरतील. समजा पहिल्या ओळीत आलं ४०, ५५, ५२, ९०, ८८, ६०, ६१, ७०, ३०. आता फक्त शेजाऱ्याशी तुलना करायची, उजवीकडचा जास्त उजळ असेल तर १, नाहीतर ०. ५५ हा ४० पेक्षा जास्त, १. ५२ हा ५५ पेक्षा कमी, ०. असं करत गेलं की येतं १०१००११०. ह्यातला प्रत्येक ० नाहीतर १ म्हणजे एक बिट. अशा ८ ओळी, एकूण ६४ बिट. आता फोटो उजळ करून सगळ्या आकड्यांत २०-२० मिळवा, तुलना तीच राहते, हॅश तोच! पाठवताना फोटो दाबला गेला, म्हणजे कॉम्प्रेस झाला, तर फार तर तो ६० आणि ६१ चा काठावरचा बिट उलटेल. म्हणून हॅश तंतोतंत जुळतो का हे बघत नाहीत, किती बिट वेगळे आहेत ते मोजतात, ह्याला हॅमिंग अंतर म्हणतात. दोन भलत्याच फोटोंत साधारण निम्मे, म्हणजे ३२ च्या आसपास बिट वेगळे येतात, आणि त्याच फोटोच्या खराब कॉपीत दोन-चार.

प्रत्यक्षात वापरतात ते फोटोडीएनए ह्याच जातीचं पण कितीतरी कसलेलं आहे, मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ कॉलेजचे हॅनी फरीद ह्यांनी २००९ मध्ये बनवलेलं. अमेरिकेतली एनसीएमईसी ही हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणारी संस्था अशा हॅशची यादी इंटरनेट कंपन्यांना देते, कुणी तोच फोटो अपलोड केला की तो जुळतो, आणि तिथल्या कायद्याने कंपनीला कळवावंच लागतं. २०२३ मध्ये ३ कोटी ६० लाखांच्या वर रिपोर्ट आले. त्यातले भारताशी संबंधित असतात ते २०१९ च्या करारानुसार आपल्या एनसीआरबीकडे, म्हणजे गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे, येतात, तिथून राज्यांच्या पोलिसांकडे. जुळवाजुळव आकड्यांवर होते, त्यासाठी त्या मुलीचा फोटो कंपनी कंपनीत फिरवावा लागत नाही.

पण हे चालतं फक्त आधी सापडलेल्या फोटोंना. एआय आता सगळं पकडेल म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, की नवीन फोटोतलं मूल शोधायला अजूनही माणूसच लागतो. इंटरपोलच्या आयसीएसई ह्या, मुलांच्या लैंगिक शोषणाच्या फोटो-व्हिडिओंच्या डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या देशांचे पोलीस फोटोतला स्विचबोर्ड, पडदा, व्हिडिओतला बाहेरचा आवाज हे ताडून बघतात, भारत त्यात २०२२ मध्ये सीबीआयमार्फत सामील झाला. युरोपोल तर २०१७ पासून फोटोतली फक्त वस्तू, एखादी पिशवी नाहीतर टी-शर्ट, कापून लोकांसमोर ठेवतं आणि विचारतं, ही कुठे मिळते सांगा. लोकांची मदत अशीही घेता येते, मुलाचा चेहरा न दाखवता.

काकूंना आता एवढं सांगितलंय की असा व्हिडिओ आला तर पुढे पाठवायचा नाही, कुणी पाठवला आणि कधी ते लिहून ठेवायचं आणि पोलिसांना नाहीतर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर कळवायचं, मूल समोर असेल तर १०९८. आणि वाशीच्या एखाद्या कॉलेजातल्या सोळा वर्षांच्या मुलीला कुणी तिच्याच फोटोवरून धमकावत असेल तर तिच्यासाठी एनसीएमईसीची टेक इट डाउन ही फुकट सोय आहे, भारतातूनही चालते. ती आपल्याच फोनवर फोटो निवडते, हॅश तिथेच तयार होतो आणि तेवढाच बाहेर जातो, फोटो तिच्याकडेच राहतो.