पट्ट्याची गाडी

"पट्ट्याची हाय बरं का साहेब, बघून घ्या," नांदेडच्या मिस्तरीने बोनेट उघडायच्या आधीच सांगून टाकलं.

साहेब म्हणजे आमचे दाजी. बँकेतून नुकतेच निवृत्त झालेत, डावा गुडघा कुरकुरतो, म्हणून क्लच नसलेली गाडी हवी होती. समोर उभी होती सहा वर्षं वापरलेली पांढरी सेदान, ६२ हजार किलोमीटर चाललेली, सीव्हीटी, म्हणजे दातेरी गिअरांऐवजी पट्ट्यावर वेग बदलणारी. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे घरातल्या बिघडलेल्या मिक्सरपासून चंद्रयानापर्यंत सगळ्याचा जाब मलाच द्यावा लागतो. मागून ताई म्हणाली, "मधीच पट्टा तुटला तर? गिरणीचा तुटतो तसा?"

गिरणीचं नाव तिने घेतलं ते बरं झालं. आमचं लहानपण परभणीत गिरणीशेजारी गेलं. त्या गिरणीचा पट्टा तुटलेला मी एकदा किंवा दोनदाच पाहिला असेल. घसरताना मात्र रोज पाहिला. ओलसर ज्वारी आली, जात्यावर भार वाढला की मोटर फिरतीच राहायची आणि पट्टा जागच्या जागी सरकत जळका वास सोडायचा. मग गिरणीवाला राळेचा खडा घेऊन फिरत्या पट्ट्यावर आतल्या बाजूने घासायचा. दोन मिनिटांत पट्ट्याला पकड यायची. सीव्हीटी किती टिकते हा प्रश्न समजून घ्यायला एवढं दृश्य बऱ्यापैकी पुरतं.

साध्या गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकांच्या पाच-सहा जोड्या असतात. दात दातात अडकले की घसरायचा प्रश्नच नाही. सीव्हीटीत गिअर बदलायला दातच नाहीत. दोन पुल्या आणि त्यांवर एक पट्टा. पुलीचे दोन भाग म्हणजे एकमेकांकडे निमुळतं तोंड करून बसवलेले दोन शंकू. ते जवळ आले की मधली खाच अरुंद होते, पट्टा वर चढतो आणि मोठ्या वर्तुळात फिरतो. लांब गेले की खाली उतरतो. एक पुली जवळ येताना दुसरी तेवढीच उघडते. त्यामुळे 'पहिला', 'दुसरा' असे टप्पे नाहीत. मधलं कुठलंही प्रमाण मिळतं आणि ते बदलताना झटका बसत नाही.

हे काही परदेशी नवल नाही. दारात उभी असलेली स्कूटी ही सीव्हीटीच आहे. आपल्याकडे १९८०च्या दशकात कायनेटिक होंडा आली तेव्हापासून लोक ती वापरतात, फक्त तिला सीव्हीटी म्हणत नाहीत. सोयाबीनच्या सुगीत पंजाबातून येणारी हार्वेस्टर बघा. त्यातल्या अनेक जुन्या यंत्रांत चाकांकडे जाणारा वेग अशाच कमी-जास्त होणाऱ्या पुलीवर ठरतो, आणि बांधावर उभं राहिलं तर तो रुंद काळा पट्टा उघड्यावर फिरताना दिसतो. हा सगळा पट्टा रबराचा. स्कूटीचा वीस-पंचवीस हजार किलोमीटरला बदलायचा, काम संपलं. ताईच्या मनातली भीती या रबराची आहे.

मोटारीतही पहिल्यांदा रबरच होतं. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये 'डाफ ६००' ही छोटी गाडी व्हॅरिओमॅटिक नावाच्या पट्टा-पुलीच्या रचनेसह आणली. हिची गंमत म्हणजे ती पुढे जेवढ्या वेगाने पळे तेवढ्याच वेगाने मागेही पळे. पुढे तिकडे या गाड्यांच्या उलट्या शर्यतीही लागल्या. पण मोठ्या इंजिनाचा जोर रबराला पेलेना. डाफ कंपनी काढणाऱ्या व्हान डोर्न मंडळींनीच मग पोलादी पट्टा काढला आणि १९८७ मध्ये सुबारू जस्टी या गाडीतून तो बाजारात आला. आज बहुतेक सीव्हीटी मोटारींत त्याच जातीचा पट्टा असतो.

हा पोलादी पट्टा हातात घेऊन पाहण्यासारखी वस्तू आहे. मी एका वर्कशॉपात उघडलेला पाहिला. कासाराकडे काठीत ओवलेल्या बांगड्या असतात ना, तसे पोलादाचे सुमारे चारशे पातळ तुकडे एकमेकांना चिकटून उभे असतात. त्यांना दोन बाजूंनी धरून ठेवतात पोलादी कड्यांचे दोन संच. एकेका संचात नऊ ते बारा कडी, एकात एक बसवलेली, प्रत्येकाची जाडी जेमतेम ०.२ मिलिमीटर. आणि खरं आश्चर्य पुढे आहे. गिरणीचा पट्टा ओढतो, हा ढकलतो. पहिली पुली तुकड्यांना पुढे रेटते, बांगडीने बांगडी सरकावी तसा रेटा दुसऱ्या पुलीपर्यंत जातो. दोरीने कुणाला ढकलता येत नाही असं मी मुलांना वर्गात सांगतो. इथे ते विधान थोडं सांभाळून करावं लागतं. पट्ट्याऐवजी साखळी वापरणारीही एक जात आहे, ती मात्र ओढते.

असा पट्टा तुटतो का? तुटतो, पण क्वचित, आणि तुटला तर त्याआधी बरंच काही बिघडलेलं असतं. सीव्हीटीचा खरा शत्रू घसरण आहे, कारण इथे दात नसल्याने सगळा जोर केवळ घर्षणावर वाहून न्यायचा आहे, तोही तेलात बुडालेल्या पोलादावर.

एक ढोबळ हिशेब करू. दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १४५ न्यूटन-मीटर धरा. गाडी जागेवरून सुटताना इंजिनाकडच्या पुलीवर पट्टा सगळ्यात लहान वर्तुळात असतो, त्रिज्या समजा तीन सेंटिमीटर. म्हणजे पट्ट्यावर जवळपास पाच क्विंटल वजनाइतका जोर आला. तेलकट पोलादाचा घर्षणांक साधारण ०.०९, म्हणजे दाबाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी जोर टिकणार. पट्टा दोन्ही बाजूंनी धरला जातो आणि शंकूचा उतार ११ अंशांचा असतो हे जमेस धरलं, तरी पुलीला तो सुमारे २७ क्विंटलने आवळून धरावा लागतो. मोंढ्यात उभा असलेला रिकामा ट्रॅक्टर वीस क्विंटलच्या आसपास भरतो. त्याहून जड काहीतरी त्या तळहाताएवढ्या पुलीवर सतत बसलेलं आहे असं समजा.

हा दाब देतो तेलाचा पंप, आणि किती द्यायचा ते संगणक क्षणाक्षणाला ठरवतो. कमी पडला तर पट्टा घसरणार. जास्त दिला तर पंप इंजिनाची ताकद खाणार, पेट्रोल वाढणार आणि पट्टा विनाकारण ताणला जाणार. म्हणून गरजेपेक्षा थोडासाच जादा दाब राखून ठेवतात. ही तारेवरची कसरत तेलाच्या भरवशावर चालते. सीव्हीटीच्या तेलाला दोन परस्परविरोधी कामं करायची असतात: धातूला धातू घासू द्यायचा नाही, आणि पकडही सुटू द्यायची नाही. प्रचंड दाबाखाली ते पट्टा आणि पुलीच्या मधल्या फटीत क्षणभर जवळजवळ घट्ट होतं, आणि त्या घट्टपणावर जोर पलीकडे जातो. गिरणीवाल्याची राळ आणि तेलाचा डबा एकाच बाटलीत, असं म्हणा. म्हणूनच 'ऑटोमॅटिकचं तेल सगळं एकच' असं म्हणून दुसरंच काही ओतणारा माणूस सीव्हीटीचा जीव घेतो. इथे काटकसर नको.

तेल बिघडतं उष्णतेने. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की तेल खराब होण्याचा वेग दुप्पट होतो. आता आपलं हवामान आठवा. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४३-४४ वर असतो, एसी पूर्ण चालू, पुढे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर नाहीतर घाटात अडकलेली ट्रकची रांग. गाडी दहा फूट सरकते, थांबते, पुन्हा सरकते. प्रत्येक वेळी पट्टा त्या लहान वर्तुळात, म्हणजे सगळ्यात जास्त जोर आणि सगळ्यात जास्त वाक, आणि थंड करायला समोरून वारा नाही. उलट समृद्धीवर जालन्याहून संभाजीनगरकडे शंभरने एकसारखं जाताना इंजिन निवांत असतं, पट्ट्यावरचा जोर कमी असतो. बारा तासांचा प्रवास सीव्हीटीला दमवतो आणि गावातली चक्कर नाही, हा समज बरेचदा उलटा असतो. टोयोटाने २०१८ मध्ये आणलेल्या नव्या सीव्हीटीत जागेवरून सुटण्यापुरता चक्क एक साधा दातेरी गिअर घातला आणि वेग आल्यावर काम पट्ट्याकडे दिलं. नेमकं दुखणं कुठे आहे ते कारखान्यालाही ठाऊक आहे.

दुसरा शत्रू झटका. हा आपल्या काळ्या मातीचा खास. पावसाळ्यात शेतरस्त्यावर चाक रेंद्यात रुतलं की माणूस ॲक्सिलरेटर दाबून धरतो. चाक मोकळं भन्नाट फिरतं. मग मुलं टायरखाली दगड सरकवतात, चाकाला एकदम पकड मिळते, आणि फिरत्या चाकाचा सगळा झटका उलट दिशेने पट्ट्यावर येतो. संगणकाला दाब वाढवायला क्षणभराचाही अवधी मिळत नाही. एकदा पट्टा जोरात घसरला की पुलीच्या आरशासारख्या पृष्ठभागावर ओरखडे पडतात. मग ते ओरखडे पट्ट्याला खातात, त्यातून निघालेली धातूची भुकटी तेलातून फिरत दाब ठरवणाऱ्या बारीक झडपांत जाऊन बसते, दाब चुकायला लागतो, आणि चुकलेल्या दाबाने पट्टा पुन्हा घसरतो. गाडी जागेवरून सुटताना थरथरते, वेगासोबत वाढणारा घूं-घूं आवाज येतो, ते या फेऱ्याचं लक्षण. या टप्प्याला दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा पूर्ण युनिट बदलणं आणि खर्च लाखाच्या घरात. तालुक्याच्या गावी ते उघडणारा मिळत नाही. नांदेडकरांना हैदराबाद किंवा पुणे गाठावं लागतं. मिस्तरीचा सीव्हीटीवरचा राग निम्मा इथून येतो, आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही.

बदनामीला दुसरंही कारण आहे. अमेरिकेत निसानच्या २००७ ते २०१० च्या सीव्हीटी गाड्यांबद्दल एवढ्या तक्रारी झाल्या की कंपनीने गिअरबॉक्सची हमी पाच वर्षं किंवा ६० हजार मैलांवरून दहा वर्षं किंवा १ लाख २० हजार मैलांवर नेली. ऑडीनेही आपली साखळीवाली मल्टिट्रॉनिक २०१४ च्या सुमारास गुंडाळली. पण त्याच काळात इतर कंपन्यांच्या लहान इंजिनांच्या सीव्हीटी गाड्या निमूटपणे लाखो किलोमीटर चालत राहिल्या, आणि न बिघडलेल्या गाडीची गोष्ट चहाच्या टपरीवर कुणी सांगत नाही. रचना तीच, फरक होता पट्ट्यावर किती भार टाकला आणि तेल किती थंड ठेवलं याचा.

जाता जाता नावाचा घोळ. टोयोटा आणि मारुतीच्या हायब्रिड गाड्यांवर 'ई-सीव्हीटी' लिहिलेलं असतं. त्यात पट्टा नाही, पुलीही नाही. दातेरी चाकांचा एक संच आणि विजेच्या दोन मोटरी आहेत. ताईला वाटणारी भीती तिथे लागूच पडत नाही. एएमटी तर साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबणाऱ्या पायाच्या आणि गिअर टाकणाऱ्या हाताच्या जागी यंत्र. लोक मात्र सगळ्यांना 'ऑटोमॅटिक' म्हणून मोकळे होतात आणि एकाच्या पापाची शिक्षा दुसऱ्याला मिळते.

दाजींना मी दोन गोष्टी मात्र बजावून सांगितल्या. बॅटरी बसली तर धक्का मारायचा नाही, या गाडीत तो चालतच नाही. आणि बंद पडली तर ट्रॅक्टरला दोरखंड बांधून गावापर्यंत ओढत आणायची नाही. तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, पण चाकं फिरतायत, म्हणजे आतली यंत्रणा कोरडी फिरते. पुढची चाकं उचलून किंवा ट्रकवर चढवूनच न्यायची. त्यावर दाजींचं उत्तर, "मी काय शेतात न्यायलोय का? स्टेशन आन् दवाखाना."

स्टेशन आणि दवाखान्यासाठी सीव्हीटीसारखी गाडी नाही, हे माझंही मत. रोज आठ माणसं कोंबून वाडीवस्तीच्या रस्त्याने जाणाऱ्याला मी ती सुचवणार नाही.

सकाळी थंड इंजिनावर गाडी चालवून पाहिली. गोदावरीच्या पुलाच्या चढावर मुद्दाम थांबवून सोडली, थरथरली नाही. सर्व्हिसच्या वहीत मात्र गिअरबॉक्सच्या तेलाची एकही नोंद नव्हती. काही कंपन्या हे तेल जन्मभराचं म्हणतात. जन्म कुणाचा, तेलाचा की गाडीचा, ते सांगत नाहीत. आमच्या उन्हात चाळीस-पन्नास हजार किलोमीटरला ते बदललेलं बरं. दाजींनी घासाघीस करून किंमत खाली आणली आणि गाडी घेतली, आणि तिथूनच आम्ही पुन्हा मिस्तरीकडे गेलो, कंपनीच्याच तेलाचे डबे घेऊन.

त्याने खालचा नट सोडला. तेल आलं ते काकवीच्या रंगाचं. नटाच्या चुंबकावर राखाडी लेप जमला होता. लेप पिठासारखा असला तर नेहमीची झीज, कणी लागली तर काळजी. त्याने तो बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, उजेडात धरला.

"पीठच हाय," तो म्हणाला. "कणी न्हाई लागत हाताला."