खर्च कोणाचा, निर्णय कोणाचा: गोव्यातील संस्थांच्या रचनेची पार्श्वभूमी

संस्था अडखळू लागली की पहिला हात रचनेच्या तक्त्यावर जातो. एका खात्याची दोन खाती होतात, कुणाला नवे पदनाम मिळते, कोणी कोणाला अहवाल द्यायचा याचे परिपत्रक निघते. वर्षभरात जुन्याच तक्रारी नव्या खात्यांच्या नावाने ऐकू येतात. फाईल अडली, दोन साहेबांनी दोन हुकूम दिले, काम आमचे पण मंजुरी त्यांची. निर्णय घेणारा एक, त्याचा खर्च सोसणारा दुसरा आणि फायदा घेणारा तिसरा, अशी फारकत झाली की संस्थेची बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात, असे माझे ठाम मत आहे. ते पडताळून पाहायला गोव्याइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही, कारण इथे गावपातळीवरच्या एका संस्थेचा जवळपास पाचशे वर्षांचा लेखी इतिहास हाताशी आहे.

ती संस्था म्हणजे गावकारी, म्हणजेच पोर्तुगीज अमदानीपासून आपण जिला कोमुनिदाद म्हणतो ती. पोर्तुगीज आले १५१० मध्ये, गावकारी त्याआधीची. १५२६ साली महसुलाचे प्रमुख अधिकारी अफोन्सु मेशिया यांनी तिसवाडीतल्या गावकरांचे, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतल्या पुरुषांचे, रीतिरिवाज कागदावर उतरवले. त्या दस्तऐवजाला फोराल म्हणतात. त्यातून आणि नंतरच्या नोंदींतून दिसणारी रचना अशी: गावची जमीन सामाईक, गावकरांची घराणी वांगडांत, म्हणजे गटांत, विभागलेली, बैठकीत वांगडांचा क्रम ठरलेला आणि निर्णय लिहून ठेवायला कुलकर्णी. जमिनी लिलावाने कसायला दिल्या जात. आलेल्या उत्पन्नातून आधी सरकारी देणे, देवस्थान, बांधबंदिस्ती आणि गावच्या सेवेकऱ्यांचा खर्च भागवायचा. उरेल ते गावकरांत झोण म्हणून वाटायचे. झोण शेवटी, हा क्रम फार महत्त्वाचा आहे. बांधाकडे दुर्लक्ष केले तर झोण कमी येणार हे बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असे.

निर्णय एकमताने घ्यायची रीत होती. एखाद्या गावकराचा विरोधही ठराव अडवून धरू शके. त्यामुळे कामे रेंगाळत, पण एकदा ठरले की नंतर कोणी हात झटकू शकत नसे. ही व्यवस्था सगळ्यांची मात्र नव्हती. स्त्रियांना बैठकीत जागा नव्हती, प्रत्यक्ष चिखलात उतरणाऱ्या कुळांना आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांना आवाज नव्हता. गावकारीचे गोडवे गाताना ही बाजू झाकली जाते, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ तिथेच आहे.

या रचनेची खरी कसोटी खाजनात लागे. मांडवी, जुवारीच्या काठची ही जमीन भरतीच्या पातळीखाली असते. मातीचा बांध, त्याला चिऱ्यांचा आधार आणि मधे मानस, म्हणजे लाकडी दारांचे उघडझाप करणारे तोंड. भरती चढू लागली की बाहेरचे पाणी दारांवर दाब टाकते आणि ती मिटतात. ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून नदीत जाते. पावसाळ्यात आत भात, एरवी मासळी. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाला जाळे लावले की कोळंबी आणि मासे आपसूक अडकतात, म्हणून मानशीवरच्या मासेमारीचा हक्क लिलावात जातो. बांधाला मोठ्या पुरापेक्षा खेकड्याच्या बिळाची भीती अधिक. बीळ वेळीच बुजवले नाही तर एखाद्या उधाणाला तिथे भगदाड पडते आणि खारे पाणी शिरलेले शेत पुढचा एखाददुसरा हंगाम हातचे जाते. अशा कामाला अर्ज, पाहणी आणि निविदा चालत नाही. बांधावरून रोज चालणारा माणूस हवा, त्याला मजूर बोलावण्याची मुभा हवी आणि मजुरी देणारी थैली जवळ हवी.

विसाव्या शतकात ही साखळी टप्प्याटप्प्याने सुटली. गावकारीवर सरकारी देखरेख आधीपासून वाढत गेली होती. १९०४ ची कोमुनिदाद संहिता आणि नंतर १९६१ ची संहिता यांनी प्रशासकाचे स्थान पक्के केले. मुक्तीनंतर १९६२ मध्ये ग्रामपंचायती आल्या आणि गावच्या सार्वजनिक कामांचा मोठा भाग तिकडे गेला. १९६४ चा कूळ कायदा आणि त्याच कायद्याची १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांमुळे कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळाली. हे व्हायलाच हवे होते. ज्यांच्या घामावर झोण वाटला गेला त्यांना न्याय मिळाला. पण जमीन वाटता आली तसा बांध वाटता येईना. त्यासाठी १९७५ मध्ये कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे नियम झाले, कूळ संघ स्थापन झाले आणि त्यांच्यावर देखरेख मामलेदाराकडे आली. बांधाच्या मोठ्या दुरुस्तीचे पैसे कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडून. १९९१ पासून किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचनाही खाजनाला लागू झाली. एकाच बांधासाठी इतकी दारे ठोठवायची वेळ आली.

आता मानशीचा लिलाव पाहा. लिलाव घेणाऱ्याला जाळ्यात मासळी हवी, म्हणून खारे पाणी जास्त वेळ आत राहिले तर त्याचे भले. भात लावणाऱ्याचे नुकसान नेमके त्यातच. पूर्वी दोन्हीचा हिशेब एकाच वहीत लागत असे, त्यामुळे मानशीची दारे कधी उघडायची यावर गावकारीचा लगाम होता. कूळ संघातल्या बऱ्याच सभासदांनी शेती सोडून दिली, मुले बोटीवर किंवा आखातात गेली, तेव्हा लिलावाची रक्कम हेच संघाचे खरे उत्पन्न उरले. भात करणारे मोजके शेतकरी सभेत अल्पमतात गेले. यात कोणी वाईट वागले असे मला वाटत नाही. ज्याला ज्यातून मिळकत, त्याने त्या बाजूने हात वर केला. ज्याचे जळते त्यालाच कळते, आणि ज्याचे जळत होते त्याच्या हाती दाराची दोरी नव्हती.

सामाईक साधनसंपत्तीवर आयुष्यभर काम केलेल्या आणि २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरच्या अशा संस्थांत नेमके हेच पाहिले. ज्या संस्था टिकल्या, त्यांत नियमांची झळ पोहोचणारे लोक नियम ठरवण्यात सहभागी होते, आणि खर्चाचा वाटा फायद्याच्या प्रमाणात होता. खाजनासाठी याचा अर्थ सरळ आहे. लिलावाच्या करारातच दारे उघडी ठेवण्याच्या वेळा लिहायच्या, रकमेचा ठरावीक हिस्सा बांधासाठी आधी बाजूला काढायचा आणि पेरणीच्या काळात मानशीचा शब्द प्रत्यक्ष शेत करणाऱ्यांचा मानायचा. झोण शेवटी हा जुना क्रम नव्या सभासदांसह परत आणायचा.

व्यवस्थापनशास्त्र या प्रश्नाशी दुसऱ्या वाटेने येऊन भिडले. अमेरिकेत एरी रेल्वेचे डॅनियल मॅकॅलम यांच्या ध्यानात आले की ५० मैलांच्या मार्गावर अधिकाऱ्याला स्वतः सगळे पाहता येते, पण ५०० मैलांवर ते अशक्य. १८५५ मध्ये त्यांनी झाडाच्या आकाराचा तक्ता काढून घेतला. मुळाशी संचालक मंडळ, फांद्यांवर विभाग. प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला आपल्या मार्गापुरते पूर्ण अधिकार होते, आणि प्रत्येकाने फक्त थेट वरिष्ठाकडूनच आदेश घ्यायचा नियम होता. शंभर वर्षांनी इंग्लंडमध्ये जोन वुडवर्ड यांनी सुमारे १०० कारखाने पाहून दाखवले की यशस्वी रचना सगळीकडे एकसारखी नसते, उत्पादनाच्या पद्धतीप्रमाणे ती बदलते. त्यानंतर व्यवस्थापनतज्ज्ञ जे. गालब्रेथ यांनी धोरण, रचना, कामाची पद्धत, मोबदला आणि माणसे ही पाच अंगे एकत्र मांडली. एक हलवले की बाकीची हलवावीच लागतात. तक्ता बदलून बढतीचे आणि बोनसचे निकष जुनेच ठेवणाऱ्या कंपन्यांनी हे वाचायला हवे.

या सगळ्याचा गोव्याला जवळून दिसलेला पुरावा म्हणजे कोकण रेल्वे. १९९० मध्ये रेल्वे मंडळाच्या नेहमीच्या उतरंडीबाहेर एक स्वतंत्र महामंडळ उभे राहिले. केंद्राचे ५१ टक्के भांडवल, उरलेले चार राज्यांचे, त्यात गोव्याचे ६ टक्के. ई. श्रीधरन यांनी मार्ग सात विभागांत तोडला आणि प्रत्येक विभागावर एक मुख्य अभियंता बसवून जागेवर निर्णय घ्यायचे अधिकार त्याला दिले. ७४१ किलोमीटर, सुमारे २००० लहानमोठे पूल, ९० हून अधिक बोगदे, आणि २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग खुला. बोगद्यात माती ढासळली की काय करायचे हे तिथे उभ्या असलेल्या माणसाने ठरवायचे. मुंबईहून उत्तर येईपर्यंत थांबायचे नाही.

आपल्याकडे मात्र मार्ग कुठून न्यायचा यावरून वाद पेटला, १९९३ मध्ये गोव्यातले काम थांबले आणि चौकशी आयोग नेमावा लागला. खाजने आणि वस्त्या यांच्यावर होणारा परिणाम हा त्या विरोधाचा गाभा होता. विभागीय अभियंत्याला कितीही अधिकार असले तरी हा निर्णय त्याच्या आवाक्यातला नव्हता, आणि ज्यांच्या दारातून गाडी जाणार त्यांना आखणीच्या वेळी विचारले गेले नव्हते. अधिकार खाली दिले म्हणजे रचना पूर्ण झाली असे नाही, हे इथे दिसते. बांधकाम संपल्यावर सात विभागांची गरजही संपली. गाड्या चालवण्यासाठी रत्नागिरी आणि कारवार असे दोनच विभाग ठेवले गेले. काम बदलल्यावर रचना बदलण्याचे धैर्य आपल्याकडे फार थोड्या संस्था दाखवतात.

खासगी उद्योगांची कहाणी वेगळी. पोर्तुगीज काळात खाणींच्या सवलती व्यक्तींच्या नावे दिल्या जात, आणि त्यांचे कायदेशीर भाडेपट्ट्यांत रूपांतर झाले ते १९८७ च्या कायद्याने. साहजिकच अनेक पेढ्या एका माणसाभोवती वाढल्या. बार्जची दुरुस्ती असो की कारकुनाची रजा, शेठच्या होकाराशिवाय पान हलत नसे. मालक कर्तबगार असेपर्यंत हे चालते, झपाट्यानेही चालते. दुसऱ्या पिढीत तीन भावांचे तीन होकार लागू लागले की तीच पेढी थिजते. उपाय अवघड नाही, पण मनाला जड जातो: किती रकमेपर्यंतचा निर्णय कोणाचा, हे लिहून ठेवायचे आणि मग थोरल्यांनी त्यात हात घालायचा नाही.

वेर्णासारख्या औद्योगिक वसाहतीत दुखणे उलट्या बाजूचे असते. कारखाना इथे, मुख्यालय मुंबईत. इथला गुणवत्ता अधिकारी कारखानाप्रमुखालाही उत्तरदायी आणि मुंबईतल्या गुणवत्ता प्रमुखालाही. माल महिनाअखेरीस निघावा ही पहिल्याची निकड, शंका असलेला माल रोखावा ही दुसऱ्याची. औषधांच्या बाबतीत ही ओढाताण मुद्दाम ठेवलेली असते आणि ती हवीच. गोंधळ होतो तो वाद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा हे न ठरवल्याने. ते एका ओळीत लिहिलेले असेल तर दोन वरिष्ठ असूनही काम चालते.

देवस्थानांनी हे धडे बरेच आधी गिरवले. १८८६ च्या माझानी नियमावलीने महाजनांची, म्हणजे देवळाच्या हक्कदार घराण्यांतल्या सभासदांची, समिती, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, मुखत्यार अशी पदे आणि त्यांची कामे ठरवून दिली. महाजन कोण यावरचे तंटे आजही न्यायालयात जातात, पण उत्सवाच्या तोंडावर खर्च कोणी मंजूर करायचा यावरून देवळात काम क्वचितच अडते.

ग्रामपंचायतींत मात्र गाठ अजून सुटलेली नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत २९ विषय पंचायतींसाठी मांडले, गोव्याने १९९४ मध्ये पंचायत राज कायदा केला. सरपंचाला लोकांनी जाब विचारायचा, पण सचिवाची नेमणूक आणि बदली वरून, आणि बरेचसे पैसे योजनेच्या अटींसह येणारे. पंचायतींच्या चर्चेत कामे, निधी आणि कर्मचारी या तिघांचा उल्लेख सतत एकत्र होतो. प्रत्यक्ष हस्तांतरण मात्र सुटेसुटे होते. २९ विषय एकदम देण्याचा आग्रह धरण्यापेक्षा एखादाच विषय घ्यावा, समजा गावातल्या कचऱ्याचे व्यवस्थापन, आणि त्याचे पैसे, त्याची माणसे व दंड आकारायचा अधिकार एकाच दिवशी, एकाच आदेशाने पंचायतीकडे सोपवावा. दोन वर्षांनी हिशेब मागावा, आणि तो जमला तर पुढचा विषय द्यावा.